पूर, दुष्काळ आणि नळाचं पाणी : आफ्रिकेतल्या पाणीपुरवठा संस्थांना मदत करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या पाणीपुरवठा संस्थांसोबत काम करणारे, किंवा तशा कामावर निघालेले मराठी अभियंते, केमिस्ट आणि आरोग्य कार्यकर्ते पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हवामान बदलाने पाणी कमी पडेल हे कळतं. पण ते असुरक्षित कसं होतं?

बहुतेक वेळा नवा धोका येत नाही, जुनी दुखणी एकाच आठवड्यात उफाळतात. मलावीचं उदाहरण बघा. जानेवारी २०२२ मध्ये 'आना' वादळाने शिरे नदीवरच्या कापिचिरा जलविद्युत केंद्राच्या धरणाचं नुकसान केलं आणि देशाच्या विजेचा मोठा वाटा वर्षाहून अधिक काळ गेला. ब्लॅन्टायर शहराचं पाणी त्याच नदीवरून, वॉकर्स फेरीहून, पंपाने शेकडो मीटर वर चढवावं लागतं. वीज नाही म्हणजे पाणी नाही, आणि पाणी नाही म्हणजे लोक ओढ्यावर. मार्च २०२२ पासून कॉलरा पसरला आणि मार्च २०२३ मध्ये 'फ्रेडी' चक्रीवादळ आलं. साथ आटोक्यात येईपर्यंत सुमारे ५९ हजार रुग्ण आणि १,७०० हून जास्त मृत्यू झाले.

दुष्काळात उलटं घडतं. नदीत पाणी कमी, पण तिच्यात मिसळणारं सांडपाणी तेवढंच, म्हणून घाण दाट होते. पाणी तापतं, शेवाळ वाढतं, क्लोरिन लवकर संपतो. आणि पुरवठा तासांवर येतो, जे सगळ्यात वाईट (पाहा प्रश्न ९).

२. 'पाणी सुरक्षा आराखडा' म्हणजे काय? पाणी तर रोज तपासतातच.

प्रयोगशाळेत ई. कोलायचा (विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या जिवाणूचा) निकाल यायला १८ ते २४ तास लागतात. तोवर ते पाणी पिऊन झालेलं असतं. म्हणून आराखड्यात पाणलोटापासून घरातल्या माठापर्यंत प्रत्येक टप्प्यावर काय बिघडू शकतं, ते ताबडतोब कसं कळेल आणि कळल्यावर कोण काय करेल, हे आधी लिहून ठेवतात. जागतिक आरोग्य संघटना आणि इंटरनॅशनल वॉटर असोसिएशन यांची पुस्तिका २००९ ची आहे. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत हवामानाचा विचार प्रत्येक पायरीत घातला आहे. इथिओपियाने हवामान लक्षात घेऊन अशा आराखड्यांची राष्ट्रीय चौकट २०१५ मध्येच केली होती.

चांगल्या आराखड्यातली ओळ अशी असते (एनटीयू हे गढूळपणाचं माप, जॅकवेल म्हणजे नदीचं पाणी उचलायची विहीर, जार टेस्ट प्रश्न ३ मध्ये) : 'कच्च्या पाण्याचा गढूळपणा ५०० एनटीयूच्या वर गेला तर पाळीवरचा ऑपरेटर जार टेस्ट करून तुरटीचा डोस बदलेल. २,००० च्या वर गेला तर जॅकवेलचे पंप बंद करेल. कुणालाही विचारणार नाही.' आकडे त्या केंद्राच्या क्षमतेवरून ठरवायचे. शेवटचं वाक्य मात्र जसंच्या तसं हवं. रात्री दोन वाजता साहेबांचा फोन लागत नाही, हे सगळ्या खंडांत सारखंच आहे.

३. नदीला पूर आला, गढूळपणा दहापट झाला. पहिल्या तासात काय करायचं?

आधी शुद्ध पाण्याच्या टाक्यांत किती तासांचा साठा आहे ते बघा. सहा-आठ तासांचा असेल तर पुराचा पहिला लोंढा जाऊ द्यावा, कारण सगळ्यात घाण पाणी त्याच लोंढ्यात असतं. म्हणूनच पावसाचा इशारा मिळाला की टाक्या काठोकाठ भरून ठेवायच्या. याला खर्च शून्य येतो आणि तरी हेच राहून जातं.

पंप चालू ठेवणं भाग असेल तर जार टेस्ट करा. १० ग्रॅम तुरटी १ लिटर पाण्यात विरघळवली की १ टक्क्याचं द्रावण होतं. त्यातलं १ मिलि १ लिटर कच्च्या पाण्यात घातलं की डोस १० मि.ग्रॅ./लिटर. सहा जारमध्ये २ ते ८ मिलि असं चढतं घाला, १ मिनिट जोरात ढवळा (साधारण १०० फेरे), मग १५ ते २० मिनिटं सावकाश (मिनिटाला सुमारे ३० फेरे), आणि ३० मिनिटं निवळू द्या. सगळ्यात कमी तुरटीत जो जार स्वच्छ दिसेल तो डोस घ्या. समजा ४५ मि.ग्रॅ. आला आणि केंद्रात तासाला ५०० घनमीटर पाणी येतंय, तर तुरटी तासाला २२.५ किलो लागेल. डोसिंग पंप तेवढी टाकू शकतो का, हे पावसाळ्याआधी मोजून ठेवा. बरेचदा जार टेस्ट बरोबर येते, पण पंपाची कमाल क्षमताच अर्धी असते.

एवढं करूनही निवळलेलं पाणी गढूळ असेल तर प्रवाह कमी करा. निम्मं पाणी नीट शुद्ध करून देणं हे पूर्ण पाणी अर्धवट शुद्ध करून देण्यापेक्षा केव्हाही बरं.

४. तुरटी वाढवत नेली तरी पाणी निवळत नाही. माल बनावट आहे का?

असूही शकेल, पण आधी अल्कलिनिटी (आम्ल झेलून पीएच टिकवण्याची पाण्याची ताकद) तपासा. तुरटीला काम करायला पाण्यातली अल्कलिनिटी लागते. १ मि.ग्रॅ. तुरटी साधारण ०.५ मि.ग्रॅ. अल्कलिनिटी खाते (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात). पुराचं पाणी म्हणजे ताजं पावसाचं पाणी, त्यात ती मुळातच कमी असते. ८० मि.ग्रॅ. तुरटी टाकली की ४० मि.ग्रॅ. अल्कलिनिटी जाते, पीएच घसरतो आणि गाळाच्या गाठी धरतच नाहीत. अशा वेळी तुरटीच्या ०.३५ ते ०.४ पट विरलेला चुना द्यावा. चुना आणि तुरटी एकाच जागी ओतू नका, चुना आधी आणि थोडा वरच्या बाजूला. तलावात शेवाळ माजलं असेल तर उलट पीएच फार चढतो. त्याबद्दल प्रश्न ८ मध्ये.

५. क्लोरिन नेमका किती ठेवायचा? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

आकडे वेगळे वाटतात कारण जागा वेगळ्या असतात. केंद्रातून निघताना, ३० मिनिटांच्या संपर्कानंतर, पीएच ८ च्या खाली असताना, मुक्त शिल्लक क्लोरिन (वापरून उरलेला, अजून जंतू मारू शकणारा) किमान ०.५ मि.ग्रॅ./लिटर हवा. ग्राहकाच्या नळाला किमान ०.२. कॉलऱ्याची साथ असेल तर नळयोजनेत सगळीकडे ०.५, सार्वजनिक नळावर १ आणि टँकर भरताना २. वरची मर्यादा ५ आहे, पण तिच्या बऱ्याच आधी लोक वासाला कंटाळून विहिरीकडे वळतात.

पीएच विसरू नका. ७ पीएचला क्लोरिनचा बहुतांश भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा. कागदावर ०.५ दिसतो, पण काम त्याच्या अंशाइतकंच होतं.

हिशोब सोपा आहे. तासाला १०० घनमीटर पाणी आणि २ मि.ग्रॅ. डोस म्हणजे तासाला २०० ग्रॅम क्लोरिन. एचटीएच या तीव्र क्लोरिन पावडरीत तो ६५ टक्के असतो, म्हणून २०० भागिले ०.६५, म्हणजे सुमारे ३१० ग्रॅम पावडर. आपल्या ग्रामपंचायतीतल्या टीसीएलची (ब्लिचिंग पावडरची) सवय असलेल्यांनी इथे जपावं. टीसीएल ताजी असताना ३३ टक्क्यांच्या आसपास असते, त्याच अंदाजाने एचटीएच टाकली तर डोस दुप्पट होतो.

पाणी गढूळ असताना नुसता क्लोरिन वाढवून भागत नाही. जंतू मातीच्या कणांआड लपतात. क्लोरिन देण्याआधी गढूळपणा १ एनटीयूच्या खाली असावा, कितीही अडचण आली तरी ५ च्या वर नको. आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवीवर क्लोरिनचा परिणामच होत नाही, तो वाळूच्या फिल्टरमध्येच अडवावा लागतो. म्हणून बॅकवॉशनंतरचं (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतल्यानंतरचं) पहिल्या १५ ते ३० मिनिटांचं पाणी वाया घालवा, टाकीत सोडू नका.

६. डोस भरपूर देतोय, तरी टेस्टमध्ये रंगच येत नाही. असं का?

दोन शक्यता, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट. एक, क्लोरिन खरंच संपलाय. दोन, तो इतका जास्त आहे की डीपीडीचा (क्लोरिन तपासायच्या रसायनाचा) गुलाबी रंग आल्याआल्या उडून जातो. नमुना क्लोरिन नसलेल्या पाण्याने दहापट पातळ करून पुन्हा तपासा. आता रंग आला तर क्लोरिन जास्त आहे. ही खात्री न करता डोस वाढवणं ही साथीच्या काळातली ठरलेली चूक. मुक्त क्लोरिनसाठी १ नंबरची गोळी, एकूण क्लोरिनसाठी तिच्यानंतर ३ नंबरची. एकूण भरपूर आणि मुक्त जवळपास शून्य असेल तर पाण्यात अमोनिया, म्हणजे बहुधा सांडपाणी, शिरलं आहे. ही बातमी जिवाणूंच्या अहवालाच्या एक दिवस आधी मिळते. आपल्याकडची ओटी (ऑर्थोटोलिडिन, पिवळ्या रंगाची) टेस्ट हा फरक नीट दाखवत नाही, म्हणून तिथे डीपीडीच वापरा.

७. उन्हाळ्यात क्लोरिनचा साठा किती दिवस टिकतो?

द्रव हायपोक्लोराइट (क्लोरिनचं द्रावण) उष्णतेत भराभर मरतं. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की मरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडमधलं १२ टक्क्यांचं द्रावण काही आठवड्यांत बरंच उतरतं आणि डोस मात्र जुन्याच मापाने चालू राहतो. एचटीएच जास्त टिकते, पण ती कोरडी, सावलीत, आणि तेल, डिझेल, रंग यांच्यापासून लांब हवी. जवळ ठेवली तर आग लागते. बंदरापासून दूरच्या शहरांना आयात क्लोरिनची वाट बघावी लागते आणि पुरात रस्ता तुटला की ती वाटही बंद. अशा ठिकाणी मिठापासून जागेवरच हायपोक्लोराइट बनवणारं यंत्र उपयोगी पडतं. १ किलो क्लोरिनला साधारण ३ किलो मीठ आणि ४ ते ५ युनिट वीज लागते. मीठ मात्र स्वच्छ हवं आणि पाणी मऊ, नाहीतर इलेक्ट्रोडवर थर बसून यंत्र वर्षभरात कोपऱ्यात जातं.

८. तलावाचं पाणी हिरवं झालंय. क्लोरिन आधीच मारला तर?

नको. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर, कंपालाच्या मर्चिसन उपसागरात आणि केनियातल्या किसुमूजवळ, हा प्रश्न नेहमीचा आहे. हिरवा थर बहुधा सायनोबॅक्टेरियाचा (शेवाळासारख्या दिसणाऱ्या, विष असू शकणाऱ्या जिवाणूंचा) असतो. फिल्टरच्या आधी क्लोरिन किंवा मोरचूद मारलं की पेशी फुटतात आणि आतलं विष पाण्यात उतरतं. पेशी अखंड असताना निवळण आणि फिल्टरमध्ये त्या पकडणं सोपं, विरघळलेलं विष पकडणं अवघड.

त्यांतलं मायक्रोसिस्टिस पृष्ठभागावर तरंगतं, म्हणून आधी पाणी खालच्या पातळीवरून उचला. पण अगदी तळाचं नको, तिथे प्राणवायू नसल्याने लोह आणि मँगेनीज विरघळलेलं असतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे पाण्याचा पीएच ९ पर्यंत चढू शकतो. तेव्हा तुरटीही नीट चालत नाही आणि क्लोरिनही (पाहा प्रश्न ५). म्हणून नमुना फक्त सकाळी सातला घेऊ नका, दुपारी तीनलाही घ्या. फिल्टर लवकर तुंबतात, बॅकवॉश वाढवावा लागतो, आणि ते बॅकवॉशचं पाणी परत कच्च्या पाण्यात सोडायचं नाही. विषाची शंका असेल तर भुकटीचा सक्रिय कार्बन. फिल्टरनंतर, पीएच ८ च्या खाली असेल तर, ३० मिनिटांनी ०.५ मुक्त क्लोरिन राहील इतका डोस मायक्रोसिस्टिन हे त्यांचं विष बऱ्यापैकी नष्ट करतो. त्याची मर्यादा रोजच्या पिण्यासाठी १ मायक्रोग्रॅम/लिटर, थोड्या दिवसांसाठी १२.

कंपालाने पुढे पूर्वेला कातोसीत नवं केंद्र उभारलं, कारण जुन्या उपसागराचं पाणी शुद्ध करणं दिवसेंदिवस महाग पडत होतं. जागा बदलणं हाही उपाय आहे, पण तो एका हंगामात होत नाही.

९. पाणी कमी आहे म्हणून एक दिवसाआड देतो. शुद्ध पाणीच तर देतोय, मग आजार का वाढतात?

नळ बंद असताना जलवाहिनी रिकामी होते आणि आत ओढ निर्माण होते. जिथे गळती आहे, तिथून आता बाहेरचं आत येतं. सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे एअर व्हॉल्व्हचे (वाहिनीत हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपांचे) चेंबर. पावसात ते गटाराच्या पाण्याने भरतात, आणि लाईन रिकामी झाली की व्हॉल्व्ह हवेऐवजी तेच पाणी ओढतो. चेंबरचा निचरा, उंच कडा आणि घट्ट झाकण हे काम गवंडी दोन दिवसांत करतो. ते यादीत पहिलं असावं.

शक्य असेल तर पुरवठा बंद करण्याऐवजी दाब कमी करून तो चालू ठेवा. केप टाऊनमध्ये २०१८ च्या टंचाईत माणशी ५० लिटरची मर्यादा आली, तेव्हा दाब कमी करणं हा बचतीतला मोठा भाग होता. पाळी ठेवणं भागच असेल तर वेळा ठरलेल्या असाव्यात, व्हॉल्व्ह सावकाश उघडावा, आणि लोकांना पहिलं गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नका असं सांगावं. नमुना पुरवठा सुरू झाल्याच्या पहिल्या दहा मिनिटांत घ्या. मधल्या वेळेचा नमुना नेहमी चांगलाच येतो, आणि अहवालात बहुधा तोच असतो.

१०. वीज गेली तर?

जनरेटर कोणत्या यंत्रासाठी, हे आधी ठरवा. मोठे पंप चालवायला डिझेल पुरणार नाही, पण डोसिंग पंप, मीटर आणि दिवे यांना फार थोडी वीज लागते. गुरुत्वाने चालणारा क्लोरिन डोसर जोडीला असावा, बादलीत फ्लोट लावलेला साधा असला तरी चालतो. पाणी गुरुत्वाने येतंय आणि डोसिंग मात्र विजेवर, ही जोडी धोकादायक. वीज गेल्यावर पाणी चालूच राहतं, क्लोरिन थांबतो, आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

११. नदीचं पाणी घाण होतं, तर बोअरवेल सुरक्षित नाहीत का?

खडक कोणता आहे त्यावर ठरतं. लुसाकाच्या पाण्याचा मोठा भाग भूजल आहे आणि शहराखाली चुनखडक आणि डोलोमाइट. त्यांत भेगा आणि पोकळ्या असतात. दाट वस्तीतल्या खड्ड्याच्या संडासांचं पाणी न गाळता थेट खाली पोचतं, मुसळधार पावसानंतर तर काही दिवसांतच. ऑक्टोबर २०२३ पासूनच्या कॉलऱ्यात झांबियात ७०० हून जास्त लोक गेले. अशा जागी प्रत्येक बोअरला क्लोरिन द्यायलाच हवा, आणि केसिंगभोवती सिमेंटचा पक्का ओटा असावा, पुराच्या पातळीच्या वर.

दुष्काळात आणखी खोल जावं तर रिफ्ट व्हॅलीच्या पट्ट्यात फ्लोराइड लागतं. मर्यादा १.५ मि.ग्रॅ./लिटर. यवतमाळ-चंद्रपूरकडच्यांना हे नवं नाही. क्लोरिनने ते जात नाही, आणि उकळल्याने उलट दाट होतं.

१२. समुद्रकाठच्या शहरात बोअरचं पाणी खारं व्हायला लागलं तर?

उपसा कमी करा आणि तो अनेक बोअरवर विभागा. एकाच बोअरमधून जोरात ओढलं की खालचं खारं पाणी शंकूसारखं वर चढतं. वाहकता (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारं माप) दर आठवड्याला मोजा. चवीला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

१३. केंद्रच पुरात बुडालं. पुन्हा सुरू कुठून करायचं?

घाईत मोटर चालू करून ती जाळणं ही पहिली चूक. मोटर गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशन मोजा, ते १ मेगाओमच्या वर आल्याशिवाय वीज देऊ नका. दरम्यान शुद्ध पाण्याची टाकी रिकामी करून गाळ काढा आणि ५० मि.ग्रॅ./लिटर क्लोरिनने २४ तास भरून ठेवा. २० घनमीटरच्या टाकीला ६५ टक्क्यांची एचटीएच सुमारे दीड किलो लागते. ते पाणी ओढ्यात सोडू नका, मासे मरतात. फिल्टरच्या वाळूत गाळाचे गोळे झाले असतील तर वरचा थर काढून टाका. मग केंद्राजवळच्या वाहिन्या आधी धुवा आणि टोकाकडे सरकत जा. उलट केलंत तर धुतलेल्या भागात पुन्हा गाळ येतो.

२०१९ च्या मार्चमध्ये 'इदाई' चक्रीवादळाने मोझांबिकचं बैरा शहर उद्ध्वस्त केलं आणि दोन आठवड्यांच्या आत कॉलरा जाहीर झाला. तेवढाच अवधी हातात असतो, म्हणून मोटर वाळेपर्यंत टँकर आणि वस्तीतलं बादली-क्लोरिनेशन (पाणी भरतानाच प्रत्येक भांड्यात क्लोरिन टाकणं) सुरू झालेलं असावं.

१४. 'पाणी उकळून प्या' असं जाहीर केलं की आपली जबाबदारी संपली ना?

जंतूंसाठी उकळणं उत्तम, क्रिप्टोस्पोरिडियमसकट. पण सायनोबॅक्टेरियाचं विष, फ्लोराइड, नायट्रेट, मीठ किंवा सांडलेलं डिझेल यांवर ते निरुपयोगी, कधी घातकही. म्हणून तीन वेगळ्या सूचना आधीच लिहून ठेवा : उकळा, पिऊ नका, अजिबात वापरू नका. त्या स्थानिक भाषेत आणि रेडिओवर वाचता येतील अशा असाव्यात. आणि सूचना मागे कधी घ्यायची तेही लिहा. ते ठरलेलं नसेल तर महिनाभर चालू राहते आणि मग तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. पाणी उकळायला लागणारा कोळसा महाग आहे, हेही लक्षात असू द्या.

१५. भारतातला अनुभव तिथे तसाच चालतो का?

बराच चालतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरची उपसा केंद्रं बुडाली आणि पुरात उभं असलेलं शहर प्यायच्या पाण्याला मोताद झालं. हे ज्याने जवळून पाहिलं त्याला बैरा समजावून सांगावं लागत नाही. पण पूर्व आफ्रिकेच्या मोठ्या भागात पावसाळे दोन आहेत, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. 'मान्सूनपूर्व तयारी' वर्षातून एकदा करून पुरत नाही. मोझांबिकमध्ये कागदपत्रं पोर्तुगीजमध्ये असतात आणि पाळीवरचा ऑपरेटर बोलतो सेना किंवा न्दाऊ. व्हॉल्व्हवर चिकटवायची सूचना इंग्रजीत छापून नेली तर ती भिंतीची शोभा होते.

१६. पैसे थोडेच आहेत. आधी काय घ्यावं?

गढूळपणा मोजायचा मीटर आणि त्याची कॅलिब्रेशनची द्रावणं, डीपीडीच्या गोळ्या, जार टेस्टचं साहित्य, दुसरा डोसिंग पंप आणि त्याचे डायफ्राम (पंपातले झिजणारे पडदे), ४५ दिवसांची तुरटी आणि क्लोरिन. एवढं झाल्यावर मग सेन्सर आणि संगणकाचा विचार. देणगीदारांना नवं केंद्र आवडतं, डायफ्राम कुणाला आवडत नाही. ज्या यंत्राचा सुटा भाग त्या देशात मिळत नाही ते फुकट मिळालं तरी घेण्याआधी दहादा विचार करा.

१७. बाहेरून जाणारा माणूस सगळ्यात जास्त कुठे चुकतो?

आराखडा स्वतः लिहून देतो. तो कितीही चांगला असला तरी कपाटात जातो. व्हॉल्व्हमनसोबत पूर्ण एक पाळी, शक्यतो रात्रीची, चालून बघा. कुठला व्हॉल्व्ह वर्षभर फिरलेला नाही, कुठल्या चेंबरमध्ये गटार उतरतं, हे त्यालाच माहीत असतं आणि नकाशावर नसतं. एका संस्थेने दुसरीला शिकवायचं, हा मार्गही चांगला चालतो. युगांडाची राष्ट्रीय पाणी संस्था शेजारच्या देशांतल्या संस्थांना असं साहाय्य करत आली आहे. प्रश्न २ मधली ती 'कुणालाही विचारणार नाही' ही ओळ ऑपरेटरच्या हातून लिहून घ्या, आणि खाली त्याच्या साहेबाची सही घ्या.